तळहातावरची काकू

माणसं जिन्यात उभी होती, लिफ्टमध्ये उभी होती, आणि लिफ्टचं दार सारखं कोणीतरी अडवून धरत असल्यामुळे लिफ्टही उभीच होती. चौथ्या मजल्यावर माझ्या बहिणीचं घर. तिथून निघालेली रांग वळणं घेत घेत खाली उतरायची ती थेट तळमजल्यावर सायकली लावतात तिथपर्यंत. आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय होता: चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा मेलेला मुलगा कोळी होऊन परत आला आहे आणि आईच्या तळहातावर येऊन बसतो.

मी त्या मुलाचा मामा. मला वर पोचायला फार वेळ लागायचा, कारण दर दोन पायऱ्यांमागे कोणीतरी बजावायचं, रांगेने या. मी घरचा आहे, असं म्हटलं की लोक समजूतदार हसायचे. एक बाई म्हणाल्या, "आता ते सगळ्यांचंच घर आहे हो." त्यांच्या दंडापर्यंत लाल पुरळ उठलं होतं आणि ते झाकायचं सोडून त्या बाही वर करून दाखवत होत्या. मागच्या रविवारी त्यांनी कोळ्याच्या पेटीत हात घातला होता, तेव्हापासून अंगाला खाज. बैठक घेणाऱ्या मौनीदादांनी निदान केलं होतं की पाप बाहेर पडतं आहे. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना मनगटापुरतंच पुरळ आलं होतं. ते जरा हिरमुसले होते. आयुष्यभर केलेल्या गोष्टींचं एवढंसंच फळ निघावं हे त्यांच्या मनाला लागलं असावं.

भाचा सव्वीस वर्षांचा होता. कामावरून परतताना त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. त्याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही. त्याच्या मागे त्याच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची आणि काचेच्या पेटीत एक टॅरँट्युला राहिला. टॅरँट्युला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. तो पाळणारे लोक जगात आहेत, आणि आमचा भाचा त्यांतला एक होता. त्याने तिचं नाव काकू ठेवलं होतं. ती मादी होती, अंगाने भरलेली होती, क्वचित जेवायची आणि उरलेला सगळा वेळ कोपऱ्यात बसून घरात काय चाललंय यावर नजर ठेवायची. नाव चपखल होतं. माझ्या बायकोला ते आवडलं नव्हतं, कारण आमच्या शेजारची पोरं तिलाही काकूच म्हणतात.

ताईला त्या प्राण्याची शिसारी होती. पेटी घरात आली त्या दिवसापासून तिने मुलाच्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. जेवणाचं ताट उंबऱ्यावरून हातात द्यायची, बोलायची ती दाराच्या चौकटीतून. "एक तर ती राहील नाहीतर मी," असं म्हणून झालं होतं, त्यावर तो हसून म्हणाला होता, "तू बाहेर राहा, ती आत राहील." घरोघरी असले करार होतात आणि वर्षानुवर्षं चालतात. हा करार करणारा एक पक्ष अचानक नाहीसा झाला, आणि ताईच्या लक्षात आलं की मुलाच्या शेवटच्या कित्येक वर्षांत आपण त्याच्या खुर्चीशेजारी एकदाही उभ्या राहिलो नाही.

तिने रडायचं टाळलं असं नाही. ते तिला जमलंच नाही. लोक भेटायला यायचे, तिचा हात हातात घ्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे. ती बसून राहायची. दाजी शेजारच्या खोलीत टीव्ही लावून बसायचे, आवाज बंद करून.

अशा घरात मौनीदादा आले. त्यांना इमारतीच्या सेक्रेटरीने आणलं. मौनीदादांना मौनी का म्हणायचे हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. झोपेतही ते बोलत असावेत अशी माझी समजूत आहे. पूर्वी ते घरोघरी फिरून व्हॅक्युम क्लीनर विकायचे. दार बंद होण्याआधी आत पाय घालून ठेवणं, गालिच्यावर स्वतःच धूळ सांडून मग ती उचलून दाखवणं, या कला त्यांना तिथेच साधल्या. ते पहिल्यांदा आले ते अभद्र जनावर घराबाहेर काढण्यासाठी. तेव्हा थंडी होती, आणि पेटीखालची विजेवर गरम होणारी गादी दाजींनी बटण बंद करून विझवून टाकलेली होती. मौनीदादांनी पेटीत हात घातला. कोळी हलला नाही. त्यांनी तो उचलला. कोळी हलला नाही. मला वाटतं, त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात गालिचा पसरला गेला असावा.

उन्हाळा लागल्यावर दर रविवारी सकाळी बैठक भरू लागली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खोलीतला एसी पूर्ण सोडलेला होता. बाहेर उन्हाचा कडाका आणि आत लोक स्वेटर घालून बसलेले. आत्म्याला ऊब सोसत नाही, असं कारण होतं. पेटी टेबलावर, ताई मुलाच्या खुर्चीत, आणि मौनीदादा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मधोमध.

"शरीर म्हणजे भाड्याची खोली," ते सांगत होते. "एक रिकामी केली, दुसरी घेतली. तुम्ही विचाराल, आठ पाय कशाला घेतले? अरे, दोन पायांनी घरी पोचता आलं नाही ना त्याला."

खोलीत हुंदके फुटले. वाक्य मलाही लागलं, आणि वाक्यांच्या बाबतीत मी तसा सावध माणूस आहे. ताईकडे पाहिलं. ती पेटीकडे बघत होती.

मग परीक्षा सुरू झाली. कोळी पेटीतून काढून टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या टॉवेलवर ठेवला जायचा. ज्याला यायचं असेल त्याने हात पुढे करायचा. हात अपवित्र असतो, म्हणून मौनीदादा आधी तो शुद्ध करायचे: छाती भरून श्वास घ्यायचा आणि हातावरून लांबलचक फुंकर मारायची. फुंकर संपायच्या आत कोळी पुढचे पाय उभारायचा आणि खालचे काळे सुळे दाखवायचा. लोक मागे सरकायचे. ज्याचा हात होता तो कानकोंडा व्हायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मामांच्या मनात शंका दिसते," मौनीदादा माझ्याकडे पाहून म्हणाले. मी हात पुढे केला. फुंकर आली, तिला वेलदोड्याचा वास होता. काकूने माझ्यावर पाय उगारले. मागून कोणीतरी बोललं की त्यालाही कळतं, कोण आपलं नि कोण परकं.

मग ताईची पाळी. इथे विधी बदलायचा. मौनीदादा नाकातोंडावर पांढरं कापड बांधायचे, पुढच्या रांगेतल्यांना रुमाल लावायला सांगायचे आणि गंभीर आवाजात म्हणायचे, "माय-लेकरांत तिसऱ्याचा श्वास नको." मग ओंजळीत कोळी उचलून ताईच्या तळहातावर ठेवायचे. आणि तो तिथे बसायचा. तपकिरी लोकरीचा गुंडा पडावा तसा, हलायचं नाही, डुलायचं नाही. "जवळ घ्या, आई. डोळ्यांत बघा त्याच्या." ताई तळहात चेहऱ्यापाशी न्यायची. अगदी पापण्यांपाशी.

खोलीतला एकही माणूस त्या वेळी खोकायचा नाही. मी हे सगळं थट्टेने लिहितो आहे, पण त्या शांततेत बसून थट्टा सुचत नव्हती.

ताईचं रफूचं दुकान आहे. जळालेलं, उसवलेलं, उंदराने खाल्लेलं कापड ती असं भरून देते की मालकालाच भोक कुठे होतं ते सापडत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढायचा, उभा ताणा मोजायचा, आडवा बाणा त्यातून एकाआड एक घालायचा. शहरातली सगळी लाँड्रीवाली मंडळी चांगले सूट तिच्याकडे पाठवतात. बैठका सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मी दुकानात गेलो तर एक गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं होतं. रफू दिसत होतं. नुसतं दिसत नव्हतं, कोपरावर चिमणीचं घरटं असावं तसं ते वर आलं होतं. ताईने कोट हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. तिचे डोळे लालभडक होते आणि त्यातून पाणी वाहत होतं. माणूस रडतो तसं नव्हे. नळाचा वॉशर गेल्यासारखं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल. ती नाही म्हणाली. मौनीदादांनी डॉक्टर वर्ज्य केला होता. त्यांचं म्हणणं होतं, डोळ्यांतून येतंय ते तुमचं पाणी नाही, मुलाचं आहे. ते औषधाने आटवलंत तर तो कायमचा मुका होईल. शिवाय पुढच्या रविवारी मोठ्या सभागृहात बैठक होती. ताईला मंचावर बसायचं होतं, हातात कोळी घेऊन.

मी मग शिकलेली माणसं बोलतात तसं पुष्कळ बोललो. मेंदू, उत्क्रांती, वगैरे. ताईने मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुला काय वाटतं, मला कळत नाही? कोळी आहे तो. दिसतो मला. पण तो जात नाही रे. माझा हात उघडा असतो, त्याला जाता येतं. आणि तो जात नाही."

याचं उत्तर उत्क्रांतीत नव्हतं.

उत्तर शोधायला मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कुत्री, मांजरं आणि एक नाराज पोपट यांच्या मागे नंबर लावून बसलो. माझ्या मांडीवर जनावर नसल्यामुळे सगळे माझ्याकडे संशयाने बघत होते. आत गेल्यावर मी कोळ्याचं वर्णन केलं तर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काकू?"

त्या भाच्याला ओळखत होत्या. काकूला एकदा पायाला इजा झाली तेव्हा तो तिला डब्यातून घेऊन आला होता. तो गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग मी बैठकीचं सगळं सांगितलं: एसी, टॉवेल, फुंकर, पुरळ, ताईचे डोळे. फुंकरीशी त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा सांगायला लावलं. "आणि बहिणीच्या वेळी तोंड बांधतात?" मी ते वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवलं, तिसऱ्याच्या श्वासाचं. बाई म्हणाल्या, "माणूस हुशार आहे. युक्ती स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि लोक डोळे पुसतात."

सभागृहाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, घरात रंगीत तालमीची बैठक होती. बाई माझ्याबरोबर आल्या. त्यांच्या खांद्याला दवाखान्याची बॅग होती. सेक्रेटरीने दारात अडवलं. बाईंनी सांगितलं की पेशंट बघायला आलेय. कोण आजारी आहे, असं त्याने विचारलं. "पेटीतली," बाई म्हणाल्या. कोळ्यालाही डॉक्टर असतो हे ऐकून रांगेत हशा झाला, आणि त्या हशातच आम्ही आत शिरलो.

मौनीदादांनी त्यांना लगेच हेरलं. शंका घेणाऱ्याचा हात आधी, असं म्हणून बोलावलं. बाईंनी हात पुढे केला. दादांनी छाती फुगवली. बाईंनी दुसरा हात त्यांच्या तोंडापुढे आडवा धरला.

"फुंकर नको, दादा. हात धुऊन आलेय मी."

दादांनी समजावलं की शुद्ध केल्याशिवाय तो कोणाच्या हाताजवळ येत नाही.

"आईंच्या हातावर कुठे मारता तुम्ही फुंकर?"

"माय-लेकरांत तिसऱ्याचा श्वास नको, बाई."

"मग माझ्या-त्याच्यातही नको. असू द्या तसाच, अशुद्ध."

मागे कोणीतरी खुसखुसलं. दादांनी हसून परवानगी दिली. त्यांना बहुधा वाटलं असेल की कोळी आपोआप साथ देईल. फार दिवस एखादी युक्ती चालली की तिचं कारण युक्ती करणाराही विसरतो. बाईंनी टॉवेलवर हात उताणा ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने काकूला मागून हळूच ढोसलं. ती एक एक पाय टाकत हातावर चढली आणि बसली. जशी ताईच्या हातावर बसायची, तशीच.

बाईंनी मला बोलावलं. काही आठवड्यांपूर्वी सगळ्यांसमोर नापास झालेला मामा. मी रुमाल नाकाला लावला आणि हात ठेवला. काकू माझ्या हातावर आली. तिचं वजन कापसाएवढं होतं. मी कशावरही विश्वास ठेवत नव्हतो, आणि ती बसून राहिली. मग सेक्रेटरीचा हात, मग पुरळवाल्या बाईंचा. सगळे पवित्र निघाले. इतकी पुण्यवान माणसं एका इमारतीत राहतात यावर माझा विश्वास बसेना.

बाईंचं बोलणं फार लांबलं नाही. एसीकडे बोट करून त्या म्हणाल्या की हा कोळी आहे, याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. खोली गार केली की पाय आखडतात आणि तो आपणहून हलेनासा होतो. काकूला कान नाहीत, डोळे आहेत ते उजेड-अंधारापुरते. ती जग ओळखते पायांवरच्या बारीक केसांनी. त्यांना वाऱ्याची झुळूक लागली की तिला वाटतं, कोणीतरी झडप घालतंय. मग ती पाय उगारते. "दादा ज्याला नापास करायचं त्याच्यावर फुंकर मारतात. ज्याला पास करायचं त्याच्या वेळी तोंड बांधतात. एवढंच आहे."

मौनीदादा म्हणाले की विज्ञानाला सगळं कळत नाही. हे खरंच आहे. पण विज्ञानाला न कळलेल्यातलं नेमकं काय दादांना कळलं आहे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

तोवर ताई उठली होती. "इकडे द्या," ती म्हणाली.

बाईंनी आधी तिचे डोळे पाहिले. मग बॅगेतून पोहण्याचा असतो तसला चष्मा काढला आणि म्हणाल्या, हा घालणार असाल तर. ताईने घातला. लाल काठाचा, रबरी पट्ट्याचा. पन्नाशी उलटलेली माझी बहीण तो चष्मा लावून मुलाच्या पलंगाच्या कडेला बसली आणि हात लांब करून गादीवर टेकवला. कोणी हसलं नाही. बाईंनी काकूला तिच्या तळहातावर ठेवलं. काकू बसली. ताई पुष्कळ वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग ती पुढे वाकली आणि तिने हलकेच, दुधावरची साय बाजूला करावी तशी, फुंकर मारली.

काकूचे पुढचे पाय वर गेले. सुळे दिसले.

एसीचा आवाज येत होता.

"रागावला तो," मौनीदादा घाईने म्हणाले. "आई, तुम्ही शंका घेतलीत, म्हणून रागावला."

ताई त्यांच्याकडे वळली नाही. ती म्हणाली, "माझा मुलगा रागावला की बोलणं टाकायचा. हात कधी उगारला नाही त्याने."

मग तिने बाईंना विचारलं, "तो कसा धरायचा हिला?"

बाईंनी बहुधा इथे खोटं बोलायचा विचार केला. मला तसं दिसलं. पण त्या म्हणाल्या, "धरायचाच नाही. दवाखान्यातसुद्धा मला उचलू दिलं नाही त्याने. डब्यातच तपासा म्हणाला. 'ती सहन करते डॉक्टर, तिला आवडत नाही. सहन करणं म्हणजे आवडणं नाही,' असं म्हणाला. हातातून पडल्या तर पोट फुटून मरतात या. जे पाळतात त्यांना माहीत असतं."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मग बाईंनी काकूला पेटीत ठेवलं आणि तिच्या पोटाच्या मागच्या बाजूला पडलेलं टक्कल सगळ्यांना दाखवलं. मौनीदादा त्याला तेज म्हणायचे. ही घाबरली की मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडून हवेत उडवते. प्रत्येक केसाला उलटे काटे असतात. ते कातडीत गेले की पुरळ येतं. डोळ्यांत गेले की काय होतं ते ताईच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दर रविवारी पेटीतून उपसलं जाताना तो प्राणी त्याच्याकडे असलेल्या एकमेव हत्याराने सांगत होता की मला सोडा, आणि आम्ही ते मायेचं दर्शन म्हणून रांग लावून बघत होतो.

ताईने चष्मा काढून बाईंना परत दिला. मला म्हणाली, "चल, डोळ्यांच्या डॉक्टरकडे." दाजी दारात उभे होते. कधी आले होते कोणास ठाऊक. त्यांनी एसीचं बटण बंद केलं आणि लोकांना म्हणाले, "आता या तुम्ही." त्या महिन्यांत मी ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य.

डोळ्यांच्या डॉक्टरने दुर्बिणीखाली बुबुळातून केस काढले. वरवरचे निघाले, खोल गेलेले राहिले. डावा डोळा वाचला. उजव्याला आता आकार दिसतात, धागा दिसत नाही. पहिल्याच आठवड्यात आणलं असतं तर दोन्ही वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. ताईने मान डोलावली. मीही डोलावली. मी त्या पहिल्या आठवड्यातच बैठकीला आलो होतो, आणि घरी गेल्यावर बायकोला मौनीदादांची नक्कल करून दाखवली होती.

सभागृह आधीच घेऊन ठेवलेलं असल्यामुळे रविवारी बैठक झालीच. विषय तेवढा बदलला. बरीच गर्दी होती म्हणे.

माझं म्हणणं साधं आहे. चमत्कार दिसला तर चिडू नका, हसू नका, आणि माझ्यासारखी त्यावर भाषणं देऊ नका. फक्त एवढं विचारा, की ज्याला होकार मिळाला आणि ज्याला नकार मिळाला, त्या दोघांशी सारखंच वागलात का? एकावर फुंकर मारली तर दुसऱ्यावरही मारून दाखवा. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, शेजारी बसलेल्याचं मन मोडावं लागत नाही. आणि दुःखात असलेल्या माणसाला जो डॉक्टरकडे जाऊ नको म्हणतो, त्याच्यासाठी तर हा प्रश्नही नको. त्याला दार दाखवा. दुःखी माणसाला काहीतरी आधार असू द्या, असं आपण म्हणतो आणि गप्प बसतो. ताईला आधार मिळाला होता. त्या आधाराने तिचा एक डोळा नेला.

पावसाळा संपता संपता काकूने कात टाकली. साप टाकतो तशी कोळीही टाकतात. जुनं कातडं पायांसकट, सुळ्यांसकट अख्खं निघतं आणि शेजारी पडून राहतं. कामवालीने पेटीत दोन कोळी पाहिले आणि तिने खाली जाऊन सांगितलं. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजू लागली. मी योगायोगाने तिथे होतो. दारात पुरळवाल्या बाई होत्या आणि त्यांच्या मागे आणखी चारपाच जण. एक देह सोडला, दुसरा धरला, असं काही झालंय का, त्यांनी विचारलं.

ताई हल्ली त्या खोलीत बसूनच काम करते, खिडकीचा उजेड चांगला येतो म्हणून. तिने भिंग बाजूला ठेवलं, लांब चिमट्याने पेटीतलं कातडं उचललं आणि कागदावर ठेवून दारात आणलं. बाई वाकून बघू लागल्या. इतकं हुबेहूब होतं की त्यांनी हळूच विचारलं, आत कोण आहे.

ताईने कागद त्यांच्या नाकासमोर कलता केला, म्हणजे पोकळी दिसावी.

"नीट बघा," ती म्हणाली. "आत कोणी नाही."

मग तिने दार लावलं आणि पुन्हा सुई हातात घेतली.